दिवसाढवळ्या

आमच्या आजीने भुतांच्या पाळ्या ठरवून दिल्या होत्या. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसायचं नाही आणि रात्री पिंपळाखालून जायचं नाही, एवढं सगळ्यांच्याच आज्या सांगतात. आमच्या आजीची तिसरी पाळी दुपारी बाराची होती. मे महिन्यात, कौलं तापून तडतडत असताना, विहिरीकडे फिरकायचं नाही, चिंचेखाली थांबायचं नाही. "त्या वेळी तिथं कुणी नसतं," असं ती सांगायची. कुणी नसतं तर भ्यायचं कशाला, असं आम्ही विचारलं की "म्हणूनच" म्हणून ती वाळत घातलेले पापड पालथे करायला लागायची.

ही तिसरी पाळी मी पार विसरलो होतो. मराठी माणसाचं भय अंधारात वाढलेलं असतं. मालिका काढली तर तिच्या नावातच रात्र, 'रात्रीस खेळ चाले'. 'तुंबाड'मध्ये पाऊस थांबत नाही आणि ऊन म्हणून पडत नाही. नाही म्हणायला 2017 साली आलेल्या 'लपाछपी'मध्ये उसाचा फड होता. फडात शिरलेल्या माणसाला चारी बाजूंना ऊसच दिसतो, तेव्हा उजेड असून नसल्यासारखाच.

तर गेल्या उन्हाळ्यात भाची सुट्टीला आली आणि तिने रविवारी दुपारी 'मिडसोमर' लावला. मी सवयीने पडदे ओढायला उठलो. "मामा, राहू दे. उजेडाचा सिनेमा आहे, उजेडातच बघायचा." त्यामुळे झालं असं की टीव्हीच्या काचेत समोरची खिडकी, खिडकीची जाळी आणि गॅलरीत वाळत घातलेल्या दोन पांढऱ्या चादरी अखंड दिसत राहिल्या. सिनेमातली सगळी माणसंही पांढऱ्या कपड्यांत. त्यांच्यातली कुठली स्वीडनची आणि कुठली आमच्या दोरीवरची, हे वारा आला की कळेना.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, बसणार नव्हते. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यापासून ते बातम्यांशिवाय काही बघत नाहीत. पण 'स्वीडन' ऐकून त्यांना निसर्ग असेलसं वाटलं. निसर्ग होताच. शेजारचा पीएच.डी. करणारा मुलगा पेनड्राइव्ह मागायला आला होता, तोही टेकला.

गोष्ट थोडक्यात अशी. डॅनी नावाच्या अमेरिकन मुलीची बहीण आई-बापाला मारून स्वतःही मरते. डॅनीचा मित्र ख्रिश्चन तिला सोडायच्या विचारात असतो, पण आता सोडणं बरं दिसत नाही म्हणून थांबतो. त्याचा कंपू उन्हाळ्यात स्वीडनमधल्या एका दोस्ताच्या गावी निघालेला असतो. भिडेपोटी तो तिलाही चल म्हणतो. गावाचं नाव होर्गा. तिथं नऊ दिवसांचा उत्सव चालू असतो आणि सूर्य जवळजवळ मावळतच नाही. फुलं, नाच, पंगती. एकेक पाहुणा कमी होत जातो.

होर्गा नावाचं गाव स्वीडनच्या हेल्सिंगलँड भागात खरोखर आहे. सैतान फिडल वाजवत आला आणि गावातल्या तरुण पोरांना मरेस्तोवर डोंगरावर नाचवत राहिला, ही आख्यायिकाही तिथलीच. चित्रीकरण मात्र हंगेरीत, बुडापेस्टजवळ झालं. उजेडाच्या भयपटांना अशा बनावटीचं वावडं नाही. याच घराण्यातला मूळ पुरुष म्हणजे 1973 चा ब्रिटिश 'द विकर मॅन'. त्यात वसंतातला उत्सव आहे, पण तो स्कॉटलंडच्या थंडीत चित्रित केला आणि झाडांना खोटी फुलं लावली. ख्रिस्तोफर ली यांनी त्यात फुकट काम केलं.

तासभर अण्णा खूश होते. डॅनीला गावातला दोस्त समजावून सांगतो की आमच्याकडे आयुष्याचे चार ऋतू मानतात. अठरापर्यंत बालपण, छत्तिसापर्यंत भ्रमंती, चोपन्नपर्यंत काम, बहात्तरापर्यंत धाकट्यांना मार्गदर्शन. "हे तर आपले चार आश्रम!" अण्णा पुढे सरकून बसले. "बघा, कुठपर्यंत गेलंय आपलं." डॅनी विचारते, बहात्तरनंतर काय? तो दोस्त हसतो आणि गळ्यावरून हात आडवा फिरवतो.

अण्णांना त्याच महिन्यात त्र्याहत्तरावं लागलं होतं.

पुढचा प्रसंग मी कितीही सभ्य शब्दांत सांगितला तरी तो सभ्य होणार नाही. दोन वृद्धांना खुर्चीत बसवून, उचलून, कड्यावर नेतात. आधी म्हातारी उडी घेते. मग म्हातारा. तो वाईट पडतो, पाय मोडतो, जीव जात नाही. खाली जमलेलं सगळं गाव त्याच्या सुरात कण्हायला लागतं आणि मग लाकडी हातोडा घेऊन काम पुरं करतं. लख्ख ऊन. निळं आभाळ. आमच्या घरात कुणी अण्णांकडे बघितलं नाही, पण बघायची गरज नव्हती. कड्याच्या बरोबर खाली, काचेत, अण्णा हातात चहाचा कप घेऊन बसलेले दिसत होते.

"म्हातारा कोण आहे माहितीये?" भाची म्हणाली. "ब्योर्न आंद्रेसेन. 1971 च्या 'डेथ इन व्हेनिस'मधला तो देखणा मुलगा." यावर अण्णा "अरेरे" म्हणाले. त्या प्रसंगावर त्यांनी एवढाच उद्गार काढला, आणि तो कड्यासाठी होता की गेलेल्या रूपासाठी, हे मी विचारलं नाही.

गावातली एक बाई नंतर पाहुण्यांना शांतपणे समजावते, की हा त्यांचा आनंद आहे आणि त्यांची नावं आता जन्माला येणाऱ्या बाळांना मिळतील. "आजोबाचं नाव नातवाला देतात आपल्यातही," अण्णा म्हणाले. "त्यासाठी उडी मारावी लागत नाही."

या कड्याला स्वीडिशमध्ये 'एत्तेस्तूपा' म्हणतात. तिथं असे कडे दाखवतात, पण म्हातारे ढकलल्याचा पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. ही कल्पना एका जुन्या आइसलँडिक कथेतून आली आणि सतराव्या शतकापासून स्वीडनमध्ये रुजली. आज हा शब्द तिकडच्या राजकारणात वापरला जातो, सरकारने वृद्धांकडे पाठ फिरवली की. हे ऐकल्यावर अण्णांना स्वीडनबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. पेन्शनच्या फरकाची फाइल अजून त्यांच्या कपाटात आहे.

पण अण्णांचा खरा आक्षेप वेगळा होता. "हा मोठा विधी नव्वद वर्षांतून एकदा ना? आणि माणूस बहात्तरला जातो. म्हणजे मागचा विधी बघितलेला एकही माणूस गावात जिवंत नाही." आम्ही गप्प. "मग हे सगळं करतात कशावरून? पोथीवरून. कारभार सगळा फाइलीवर चाललाय, माहितगार कुणी नाही. अशा ठिकाणी हेच होणार." हा सिनेमा बघून लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत, एवढं नेमकं मला तरी त्यात सापडलं नाही.

मतं फुटली ती ख्रिश्चनवरून. भाची त्याला पहिल्या दहा मिनिटांपासून पाण्यात बघत होती. तो डॅनीचा वाढदिवस विसरतो. कुणी विचारतं, किती दिवस बरोबर आहात? तो म्हणतो साडेतीन वर्षं. डॅनी दुरुस्त करते, चार. इथे बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी मनातल्या मनात सालं मोजून घेतली. शेजारच्या मुलाला यातलं काहीच दिसलं नव्हतं. त्याच्या दृष्टीने सिनेमात एकच अक्षम्य गुन्हा होता: दुसरा मित्र जॉश या उत्सवावर प्रबंध लिहिणार असतो आणि ख्रिश्चन निर्लज्जपणे तोच विषय उचलतो. "काका, विषय चोरला त्याने!" हा मुलगा जत्रांवर प्रबंध लिहितोय आणि त्याच्या विभागात आणखी कुणाला तरी जत्राच दिल्या आहेत, हे मला नंतर कळलं. शेवटी ख्रिश्चनला अस्वलाच्या कातड्यात घालून जाळतात तेव्हा त्या मुलाच्या चेहऱ्यावर मी समाधान बघितलं आहे.

त्याआधी ख्रिश्चनला एका मुलीबरोबर ज्या विधीला नेतात तो सहकुटुंब बघण्यातला नाही. नेमक्या त्याच वेळी सगळ्यांना तहान लागली. रिमोट सोफ्याच्या फटीत गेला होता. अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला आणि तो प्रसंग संपेपर्यंत पुसत राहिले. दिग्दर्शकाने तो बराच लांबवला आहे. मूळ सिनेमा दोन तास सत्तावीस मिनिटांचा, आणि आरी आस्टर यांनी पुढे त्याची एकशे एक्काहत्तर मिनिटांची आवृत्तीही काढली. माझं मत विचाराल तर पहिलीतूनच वीस मिनिटं निघाली असती, आणि अण्णांचा चष्मा वाचला असता.

हा भयपट आहे का, यावर मात्र एकमत झालं नाही. भाची म्हणे, हा प्रेमभंगाचा सिनेमा आहे, आणि ती चुकीची नव्हती. स्वीडनच्या उत्सवात खून ही कल्पना घेऊन स्वीडिश निर्माते आस्टरकडे गेले तेव्हा तो स्वतःच मोडलेल्या नात्यातून जात होता. शेजारच्या मुलाला तो विनोदी वाटला. यात आमचंच घर विचित्र असं नाही. अमेरिकेत थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना श्रेणी विचारायची पद्धत आहे. तिथं 'मिडसोमर'ला सी प्लस मिळाली आणि आस्टरच्या आधीच्या 'हेरेडिटरी'ला डी प्लस. समीक्षक मात्र दोन्ही सिनेमांवर खूश होते.

शेवटी नऊ बळी एका पिवळ्या त्रिकोणी देवळात जळतात. त्यांतला नववा कोण, हे फुलांची राणी झालेल्या डॅनीने निवडायचं असतं, ख्रिश्चन किंवा गावातला एक माणूस. गावातला माणूस कसा निवडतात? आकडे घातलेले गोळे फिरवून. आमच्या सोसायटीत कोजागिरीला हाऊजी खेळतात, अगदी तसं. दोन गावकरी आपण होऊन बळी जायला बसलेले असतात. दुखणार नाही म्हणून त्यांना झाडाचा रस चाटवतात. आग अंगाला लागते आणि त्यातला एक किंचाळतो.

आणि डॅनी हसते. सिनेमा संपतो.

"सुटली," भाची म्हणाली.

"सुटली कुठे?" बायको म्हणाली. ती आतापर्यंत फारसं बोललीच नव्हती. "सासरी गेली. अंगावर एवढी फुलं की चालता येत नाही. सगळे कौतुक करतायत, भाषा कळत नाही. पुढ्यात येईल ते प्यायचं. खुर्ची सगळ्यांत उंच, पण उठू कधी हे विचारायचं कुणाला?" मग जरा थांबून म्हणाली, "पण ती रडायला लागते तेव्हा त्या बायका तिच्याभोवती बसून, तिच्या श्वासाला श्वास लावून रडतात ना, ते मला खोटं नाही वाटलं. तो तिचा ख्रिश्चन सुरुवातीला कसा बसला होता, मांडीवर तिचं डोकं आणि नजर भिंतीवर. निदान या तिला गप्प हो म्हणत नाहीत."

अण्णांनी कप खाली ठेवला. त्यांची ही एकुलती एक मुलगी. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती माझ्या घरात कुठल्या खुर्चीत बसत होती, हे मला आठवेना. पटकथेत आस्टरने ते हसू वेड लागलेल्यालाच ठाऊक असणाऱ्या आनंदाचं म्हणून लिहिलं आहे. ते मी सांगणार होतो, सांगितलं नाही. बायकोचा अर्थ दिग्दर्शकाच्या अर्थापेक्षा चांगला आहे, असं माझं मत आहे आणि ते घरात शांतता राहावी म्हणून बनवलेलं नाही.

मी कशाला भ्यालो ते कुणी विचारलं नाही, पण सांगतो. त्या गावात कुणी आवाज चढवत नाही. कड्याखाली दोघे पाहुणे किंचाळून आकांत करतात तेव्हा ती बाई त्यांच्यावर रागावत नाही, जवळ येऊन समजावते. हातोडा मारणाराही घाईत नाही. अंधारात निदान आपण चुकीचं बघितलं असं म्हणायची सोय असते. आजीची दुपार रिकामी होती म्हणून आम्ही भ्यायचो; ही दुपार माणसांनी भरलेली होती आणि सगळ्यांनी आम्हाला बसायला जागा करून दिली होती.

भाचीची एक वही आहे, त्यात ती प्रत्येकाकडून सिनेमाला दहापैकी गुण घेते. तिने स्वतः नऊ दिले, शेजारच्या मुलाने सात. बायकोने वही हातात घेतली आणि काही न लिहिता चादरी काढायला गॅलरीत गेली. अण्णांना दहापैकी ही पद्धत मान्य नाही. त्यांनी बराच विचार करून शंभरपैकी बहात्तर दिले.