चाच्यांचे शुद्धीकरण

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधली 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' ही बोटीतली सफर १९६७ची. तिथले यांत्रिक चाचे आधी बायकांमागे धावत; १९९७मध्ये त्यांना खाण्याच्या ताटांमागे पिटाळले. २००६मध्ये सिनेमातला जॅक स्पॅरो सफरीत घुसला. (सिनेमा निघाला सफरीवरूनच; म्हणजे मुलगा झाल्यावर बापाचे बारसे!) २०१८मध्ये, बायका विकायच्या लिलावाच्या देखाव्यात उभी असलेली लाल केसांची नवरी स्वतःच टोळीत सामील झाली. आता विक्रीला फक्त लुटीचा माल. जाळपोळ, लूटमार, दारू जशीच्या तशी. त्याला कोण हरकत घेणार? 'जुने जपा' म्हणणाऱ्यांचा जीव मात्र नेमका त्या लिलावातच अडकलेला. वारसा म्हणे! वॉल्ट डिस्ने सफर सुरू होण्याआधीच, डिसेंबर १९६६मध्ये गेले. त्यामुळे बदलणारे आणि जपणारे असे दोन्ही पक्ष त्यांच्याच नावाने बिनधास्त शपथा घेतात.