रेंजचा तास

बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले आणि मीही वर्गात मोबाइल काढला. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी याच कोडच्या जोरावर २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ आणलं. मग किनवटच्या डोंगरात आम्हीच का मागं राहावं? कोड स्कॅन केला. चकरी फिरू लागली. रेंज येते ती फक्त लिंबाखाली, म्हणून अख्खी चौथी तिथं हलवली. लातूर पॅटर्नवाल्यांनी एवढ्या वेळात धडा संपवून दोन सराव परीक्षा उरकल्या असत्या. शेवटी एक पोरगं म्हणालं, "गुरुजी, हे सगळं पुस्तकात छापलंय की!" घंटा झाली तेव्हा व्हिडिओ चार टक्के उतरला होता आणि माझी बॅटरी तीन टक्के उरली होती.