विष न घालणाऱ्याचा दाखला

सेंद्रिय शेतीला आपल्याकडे विरोधकच नाही. कृषिमंत्री तिच्या बाजूचे, कुलगुरू तिच्या बाजूचे, डेक्कनपासून दादरपर्यंतचे समस्त मधुमेही तिच्या बाजूचे, आणि ज्यांचा धंदा युरियावर चालतो तेसुद्धा शेतकरी मेळाव्यात गांडुळाविषयी दोन शब्द गहिवरून बोलतात. एवढं एकमत महाराष्ट्रात मिसळीच्या रश्श्यावरसुद्धा झालेलं नाही. म्हणूनच संशय येतो. जिच्याबद्दल सगळ्यांनाच माया असते, तिच्या ताटात सहसा कुणी वाढत नाही. शेती त्याने सेंद्रिय करावी, तब्येत आमची सुधारावी, जमीन देशाची सुधारावी आणि तोटा मात्र ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याने सोसावा, अशी ही राष्ट्रीय सहमती आहे.

पहिला पुरावा कागदाचा. एका बांधाच्या दोन बाजूंना दोन शेतकरी आहेत असं धरू. अलीकडचा कपाशीवर हंगामात पाच-सात फवारण्या करतो, दोन औषधं एकाच पंपात कालवतो, कृषी सेवा केंद्रवाल्याने सुचवलं म्हणून तिसरंही घालतो. ('औषध' हा शब्दही बघण्यासारखा आहे. पिकावर मारलं तर ते औषध. शेतकऱ्याने प्यायलं की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत त्याचं विष होतं.) त्याच्या मालाला बाजारात कुणी काही विचारत नाही. पलीकडचा यातलं काहीच करत नाही, आणि म्हणून आपण काय काय केलं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. २००१ पासून चालत आलेल्या केंद्राच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार हंगामी पिकांना दोन आणि फळबागांना तीन वर्षं रूपांतराचा काळ पाळावा लागतो. या काळात उतारा सेंद्रियचा आणि भाव साध्याचा. शेताचा नकाशा, नोंदवही, बियाण्याच्या पावत्या, तपासनिसाची फेरी, दरवर्षीची फी. शिवाय शेजाऱ्याची फवारणी वाऱ्यावर उडून आपल्या पिकावर येऊ नये म्हणून बांधालगतचा पट्टा आपणच सोडायचा. विष त्याचं, वारा देवाचा आणि पट्टा आपला. कोर्टात आरोप करणाऱ्याने गुन्हा शाबीत करायचा असतो. शेतात मात्र गुन्हा न करणाऱ्याने निर्दोषत्व शाबीत करायचं, तेही स्वखर्चाने. बारा लाखांच्या आत उलाढाल असलेल्या आणि थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला या दाखल्यातून सूट आहे. फक्त मग त्याने मालावर 'जैविक भारत'चं चिन्ह लावायचं नाही. सभ्य माणसाला दाखल्याची सक्ती नाही, त्याने सभ्य म्हणवून घेऊ नये इतकंच.

यावर लगेच विचारलं जाईल की दाखला नसेल तर उद्या कुणीही मुंबईच्या मंडईतली भेंडी टोपलीत घालून 'शेतातून थेट' म्हणून विकेल, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. पण दाखला असतानाही काय झालं ते बघा. सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक सांभाळणाऱ्या 'गॉट्स' या संस्थेला २०२० मध्ये भारतातला २० हजार टन 'सेंद्रिय' कापूस बनावट दाखल्यांवर फिरताना सापडला. ज्या देशात कपाशीचं नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली आहे आणि सेंद्रियात बीटीला मनाई आहे, तिथे असा कापूस उगवतो कुठे, हे कोडं सुटलं: तो छापखान्यात उगवतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या कृषी खात्याने भारतीय दाखल्यांना दिलेली मान्यता काढून घेतली. कागदाच्या परीक्षेत खोटं करणारा नेहमीच पहिला येतो, कारण त्याचा सगळा वेळ कागदासाठी मोकळा असतो. खऱ्याचा वेळ खुरपणीत जातो. त्यातल्या त्यात शहाणपणाची पद्धत म्हणजे 'पीजीएस', म्हणजे गावातल्या शेतकऱ्यांनीच एकमेकांच्या शेतात जाऊन एकमेकांची हमी घ्यायची. अंधारात पंप पाठीला लावून कोण कुठल्या वावरात शिरलं हे गावाला जेवढं ठाऊक असतं, तेवढं कुठल्याही तपासनिसाला कळणार नाही. अर्थात हा दाखला निर्यातीला चालत नाही. गावाच्या शब्दाला परदेशात किंमत नाही, हे एक वेळ समजू शकतं. पुण्यातल्या मॉलमध्येही फारशी नाही.

दुसरा पुरावा पैशाचा, आणि माया किती खरी हे पैशातच कळतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नैसर्गिक शेती मिशन मंजूर केलं: एक कोटी शेतकरी, साडेसात लाख हेक्टर, २,४८१ कोटी रुपये, राज्यांचा वाटा धरून. भागाकार केला तर माणशी अडीच हजारही होत नाहीत. त्याच आर्थिक वर्षाच्या अर्थसंकल्पात रासायनिक खतांचं अनुदान होतं सुमारे १ लाख ६४ हजार कोटी. म्हणजे नैसर्गिक शेतीच्या अख्ख्या मिशनवर जे खर्च होणार, ते खतांवर साडेपाच दिवसांत संपतं. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, किलोला सहा रुपयेसुद्धा नाही. मीठ याच्या कितीतरी पट महाग आहे. मिठापेक्षा स्वस्त वस्तू माणूस चवीपुरती वापरेल अशी अपेक्षा करणं हा भाबडेपणा आहे. मग याच युरियाच्या अतिवापराने जमिनी बिघडल्या म्हणून त्याच शेतकऱ्याचं प्रबोधन करायला शिबिर भरतं.

इथवर सेंद्रियवाले टाळ्या वाजवत असतील, तर जरा थांबावं, कारण पुढचा हिशेब त्यांचा आहे. युरियात ४६ टक्के नत्र असतं; चांगल्या कुजलेल्या शेणखतात अर्धा टक्का. एका गोणीची बरोबरी करायची तर चार टन शेणखत हवं. आडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. ते सगळं शेणखतातून द्यायचं ठरवलं तर ८० टन शेणखत, तेही एका हेक्टराला. एवढं शेण देणारी गुरं आधी उसाचे वाढे किती खातील याचा हिशेब वेगळाच. जीवामृत हा यावरचा उतारा म्हणून सांगितला जातो: २०० लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती, एका एकराला पुरे. त्यात नत्र किती, तर मोजायला बसलं तर पाव किलोच्या आसपास. समर्थक म्हणतात, जीवामृत हे खत नाहीच, ते विरजण आहे. जिवाणूंचं काम सुरू करून देतं. युक्तिवाद चांगला आहे, पण विरजणाला दूध लागतं. जमिनीतला सेंद्रिय कर्ब हे ते दूध. पाचट जाळून, धसकटं वेचून आणि कडबा विकून ज्या वावरात कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेला आहे, तिथे पिंपभर जीवामृत ओतणं म्हणजे रिकाम्या पातेल्यात विरजण लावून सकाळी दह्याची वाट बघणं. ते दूध आच्छादनाने, हिरवळीच्या खताने, द्विदल आंतरपिकाने हळूहळू साठतं. त्याला वर्षं लागतात आणि त्या वर्षांतही बँकेचा हप्ता रासायनिकच असतो.

आणि शेण तरी कुठून आणायचं? सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केलं आणि गोशाळेतल्या प्रत्येक गाईला दिवसाला ५० रुपये अनुदान देऊ केलं. ज्याच्या दावणीला ती आहे, ज्याच्या शेताला तिचं शेण लागतं, त्याला काही नाही. मातेने मान हवा असेल तर आधी मुलाचं घर सोडावं, असा हा मातृभक्तीचा नवा प्रकार आहे.

आता श्रीलंकेचं नाव निघेलच. सेंद्रिय शेतीच्या वादात श्रीलंका ही शेवटची सोंगटी असते. गोटाबाया राजपक्षे यांनी २०१९ च्या जाहीरनाम्यात दहा वर्षांत देश सेंद्रिय करू असं लिहिलं होतं. २०२१ मध्ये परकीय चलन आटत चाललं तेव्हा दहा वर्षांचं काम एका अधिसूचनेत उरकून खतांची आयात बंद केली. भात घसरला, चहाला फटका बसला, नोव्हेंबरात निर्णय गुंडाळावा लागला आणि तांदूळ बाहेरून आणावा लागला. यातून सेंद्रिय शेती अशक्य आहे हे सिद्ध होतं म्हणे. पण रोज वीस विड्या ओढणाऱ्याला एका सकाळी डोंगरावर पळायला लावलं आणि तो कोसळला, तर दोष डोंगराच्या हवेचा नसतो. सिक्कीमने २००३ मध्ये ठरवलं आणि २०१६ च्या जानेवारीत पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झालं. मधे बारा वर्षांहून अधिक काळ गेला. तरी सिक्कीमचं उदाहरणही जपूनच द्यावं. तिथे मुळात रासायनिक खतं फारशी पोचलीच नव्हती, क्षेत्र सुमारे ७५ हजार हेक्टर, आणि तांदूळ येतो खालून, सिलिगुडीकडून. एखाद्याने सोवळ्यात राहावं आणि स्वयंपाक शेजाऱ्याकडून आणावा, असंही हे आहे. उत्पादन घटतं हेही नाकारण्यात अर्थ नाही. 'नेचर'मध्ये २०१२ साली आलेल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासात ही घट पीक आणि परिस्थितीनुसार ५ ते ३४ टक्के निघाली. पाच आणि चौतीस यांच्यामध्ये एका कुटुंबाचा संसार उभा राहतो किंवा बसतो, आणि तो नेमका कुठे बसेल हे कोणत्याही शिबिरात सांगत नाहीत.

मग रासायनिकच बरी? तिचा हिशेब करताना आपण एक रकाना कोराच ठेवतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात पोचले. कपाशीच्या उत्पादन खर्चात हा आकडा धरलेला नसतो. एकरी इतके क्विंटल निघाले आणि इतकी माणसं गेली, असं कोणत्याही प्रगतिशील शेतकऱ्याच्या यशोगाथेत छापत नाहीत. तसंच सेंद्रियच्या यशोगाथेतही तणनाशक सोडलं म्हणून निंदणीला किती बायका किती दिवस वाकून बसल्या, त्यांना रोज किती मिळाला, ते येत नाही. दोन्हीकडचा खरा खर्च शरीराचा आहे. एकीकडे फुप्फुसाचा, दुसरीकडे कमरेचा. ग्राहकाला दोन्हींची पावती नको असते. त्याला विषमुक्त मेथी हवी आणि जुडी मात्र दहालाच हवी.

यातून एक सुचवणी निघते. दाखला उलटा फिरवावा. न फवारणाऱ्याने नव्हे, फवारणाऱ्याने लिहून द्यावं: काय मारलं, किती वेळा, शेवटचं कधी. हे अशक्य आहे, लहान शेतकऱ्याला जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी नाशिककडे बघावं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली. आज निर्यातीच्या प्रत्येक बागेची 'ग्रेपनेट'वर नोंद होते, फवारणीची वही राहते, घडांचे नमुने प्रयोगशाळेत जातात, आणि नापास झालेली बाग जहाजावर चढत नाही. म्हणजे तेच दोन-चार एकरवाले शेतकरी जर्मनीतल्या बाळासाठी हा हिशेब चोख ठेवतात. नापास द्राक्षांना समुद्र ओलांडायला मनाई आहे. वाशीची खाडी ओलांडायला नाही.

लोक घाबरून भाजी खाणं सोडतील, हा शेवटचा आक्षेप. सिगारेटच्या पाकिटावर तर चित्रसुद्धा असतं. दुकानं चालू आहेत. भेंडीच्या पिशवीवर एवढंच छापावं: 'फवारण्या : नऊ. शेवटची : परवा.' ज्याने काहीच मारलं नाही, त्याच्या पिशवीवर छापायला काही नसेल; त्याचा शाईचाही खर्च वाचेल.