मास्तरांच्या डब्यातली वाकळ

अहो, ऐकलंत का? जरा अलीकडे सरका, मास्तरांची खिडकी उघडीच आहे. ते त्यांचे दोन स्पीकरचे डबे नाहीत का, अर्ध्या मुडबी गावाला पहाटे उठवणारे? भीमसेनांचा अभंग लागला की डग्गा नुसता भुंभुं घुमायचा नि आमच्या मांडणीवरचे पेले नाचायचे. मास्तर आपले कलिंगड पारखावं तसं डब्यावर टकटक करून म्हणायचे, "दोष गाण्यात नाही, लाकडात आहे. डब्याच्या भिंतीच गातात." भिंती गातात म्हणे! आमच्या भिंतींना ओल येते तेवढी पुरे...

तर काय सांगत होते. गेल्या आठवड्यात मास्तरांनी गुपचूप डबे उघडले, आत काहीतरी गच्च कोंबलं नि संध्याकाळी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. भुंभुं गेलं खरं, पण डग्गाही गेला हो! तबला वाजतोय का कुणी पाटीवर पेन्सिल आपटतंय, कळेना. मास्तरांचं तोंड शिळ्या भाकरीसारखं.

मग बसवकल्याणहून तो डेक दुरुस्त करणारा पोरगा आला. त्याने स्क्रू काढले, वूफर बाजूला ठेवला, आत हात घालून ओढलं, तर बाहेर काय यावं? हिरव्या लुगड्याचा लाल काठ! मास्तरीणबाईंच्या आईने हाताने शिवलेली वाकळ, कात्रीने उभी कापलेली! बाई चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभ्या. बोलल्या काही नाहीत. फक्त मास्तरांपुढे ठेवलेला कप उचलून त्या पोराला दिला. मी पाहिलं ना!

मास्तर गडबडले. म्हणाले, "अहो, अमेरिकेत विल्चरने १९५४ साली डब्यात असंच भरण घालून एवढ्याशा डब्यातून खर्ज काढला!" पोरगा म्हणतो कसा, "अय्यो मास्तर, तो बंद डबा. आत भरण घातलं की तो आहे त्याहून मोठा असल्यासारखा वागतो. तुमच्याला पुढं भोक आहे की! बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर घुमते ना, तसा तुमचा खर्ज त्या भोकातून येतो. तिथंच वाकळ कोंबलीत." ...मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला, तो पुसतच राहिले.

मग त्यानेच नीट केलं. वाकळीचा एकेक पदर मागच्या नि बाजूच्या भिंतींना लावला, भोकाची वाट मोकळी ठेवली. दोन भिंतींच्या मधे सागवानी पट्टी आडवी ठोकली, तीही मधोमध नाही, जरा सरकवून. मोटारीच्या दारात लावतात तो डांबरी शीटही आतून चिकटवला. बीबीसीवाले १९७०च्या दशकात पातळ प्लायवूडच्या डब्यांना असंच जड अस्तर लावायचे म्हणे, म्हणजे भिंत थरथरली तरी लगेच निवते.

आणि अहो, लावलं तर काय सांगू! डग्ग्यावर तळहात घासतो ना, तो घासल्याचा आवाजसुद्धा येतो! बाई दाराआडून ऐकत होत्या. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "आईचं लुगडं आहे आत. आता सकाळी काय लावायचं ते मी सांगणार." मास्तर हूं की चूं नाही.

तुमच्या वाकळी तेवढ्या आत घ्या हं. आमचे हे काल रात्रीपासून आमच्या होम थेटरवर टकटक करतायत. मी तर ट्रंकेला कुलूपच लावलंय, नि किल्ली... जाऊ दे, खिडकीत कुणीतरी आलंय!