वीस मिनिटं आहेत का?

आमची भाची मानसशास्त्रात एम.ए. करायला पुण्याला आमच्याकडे आली, तेव्हापासून आमच्या सोसायटीत माणसं राहत नाहीत, सब्जेक्ट राहतात. प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी ते लागतात आणि ते कधीच पुरत नाहीत. जिन्यात कोणी दिसलं की ती आधी पायांकडे बघते, चपला घाईत आहेत का याचा अंदाज घेते आणि मग मधाळ आवाजात विचारते, "काका, वीस मिनिटं आहेत का?" पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ त्यामुळे हल्ली लिफ्टने ये-जा करतात.

एबिंगहाउस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतःच पाठ करून, त्या आपण किती वेगाने विसरतो ते मोजलं आणि 1885 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यालाही शेजाऱ्यांनी दाद दिली नसावी, असा माझा अंदाज आहे.

म्युलर-लायर भ्रमाच्या प्रयोगात दोन रेघा दिसतात. टोकाच्या बाणांमुळे सारख्या लांबीच्या रेघाही लहानमोठ्या वाटतात. सब्जेक्टने त्या नुसत्या नजरेने सारख्या करायच्या. हा प्रयोग तिने तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त ओव्हरसियर काकांवर केला. काकांनी खिशातून टेप काढला, रेघ मोजली आणि म्हणाले, "यात भ्रम कसला? ड्रॉइंग नीट केलेलं नाही." ती तरीही हसून "थँक यू काका" म्हणाली. सब्जेक्टवर चिडायचं नाही, हे तिला आमच्या घरी येण्याआधी जमत नव्हतं, असं तिची आई सांगते.

आजीला तिने प्रश्नावली दिली. 'मी आयुष्यात समाधानी आहे' या वाक्याशी पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत, अशी पाच घरं होती. आजी म्हणाली, "सकाळचं विचारतेस की संध्याकाळचं?" तिने पेन्सिल खाली ठेवली आणि प्रश्नावली दुरुस्त करायला घेतली.

मग ऐकण्याचं कौशल्य आलं. समुपदेशकाने सल्ले झाडू नयेत, समोरच्याची भावना ओळखून ती त्याला परत ऐकवावी, ही कार्ल रॉजर्सची शिकवण. मामीच्या हातून कढई निसटली, तेव्हा भाची मान कलती करून म्हणाली, "मामी, तुला खूप राग आलाय असं मला जाणवतंय."

"राग नाही गं, पाय भाजलाय. मलम आण."

पण तिचा खरा पराक्रम कचऱ्याचा. माणसाला न दटावता हलकेच योग्य वळणावर आणता येतं, असं सांगणारं 'नज' हे पुस्तक थेलर आणि सनस्टीन यांनी 2008 साली लिहिलं. 2017 साली थेलरना अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर मुतारीच्या भांड्यात माशीचं चित्र काढून पुरुषांचा नेम कसा सुधारला, हे तिने आम्हाला जेवताना सांगितलं. जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावून पिचकाऱ्या थांबवणाऱ्या आपल्या गवंड्याला नोबेल कोण देणार, असं मी विचारलं. तिने ते वहीत टिपून घेतलं. (टिपून घेणं हेही कौशल्यच.)

दुसऱ्या दिवशी तिने लिफ्टपासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत कागदाची पावलं चिकटवली. पावलांमागोमाग माणूस जाईल आणि कचरा डब्यात पडेल, असा हिशेब होता. हिरवा कागद मिळाला नाही म्हणून लाल घेतला. त्यात गौरी तोंडावर आलेल्या. संध्याकाळपर्यंत पावलांवर हळदकुंकू पडलं. लोक भिंतीला चिकटून, पावलं चुकवत चालू लागले. लक्ष्मी जिथे गेली तिथे केराची पिशवी टाकायची कोणाची छाती होईना. डबा स्वच्छ राहिला आणि कचरा लिफ्टपाशी साठला. पोरीने जर्नलमध्ये मात्र 'निष्कर्ष अपेक्षेच्या उलट' असं सरळ लिहिलं. निकाल वाकडा आला तरी ती आकडा वाकवत नाही. एवढी गोष्ट मला तिच्यात फार आवडते.

लग्नकार्यात तिला हमखास कोणीतरी गाठतं, "माझ्या मनातलं ओळख." चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि त्यासाठी नुसतं एम.ए. पुरत नाही, हे ती शांतपणे समजावते. ऐकणारा म्हणतो, "ते होईल गं. आधी हा हात बघ."

मामीचा राग वेगळ्याच कौशल्यावर आहे. समोरच्या काकू तासभर हिच्यापाशी मन मोकळं करून गेल्या, डोळे पुसत गेल्या, आणि ही अवाक्षर बोलत नाही! गोपनीयता म्हणे. "एवढं शिकून घरच्यांना उपयोग काय?" मामीचा सवाल.

शेवटी मामीने तिचंच शास्त्र वापरलं. आपण गप्प बसलो की समोरचा बोलू लागतो, हे तिने भाचीकडूनच ऐकलं होतं. काकू साखर मागायला आल्या तशी मामीने वाटी भरली, हातात ठेवली आणि काही न बोलता बघत राहिली. काकूंनी जेमतेम मिनिटभर तग धरला. मग सुनेच्या माहेरपासून मुलाच्या कर्जापर्यंत सगळं बाहेर आलं.

काकू गेल्यावर भाची हादरून म्हणाली, "मामी, अगं, त्यांची संमती तरी घेतलीस का?"

"साखर दिली की."