पाहुणे परदेशी, मुक्काम नेरडीगोंडा

आमचे ठाण्याचे साडू यंदा दसऱ्यानंतर परदेशी जाऊन आले. परदेश म्हणजे आमचं नेरडीगोंडा, जिल्हा आदिलाबाद, राज्य तेलंगणा. नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर, आदिलाबाद सोडून निर्मलकडे निघालात की घाट लागायच्या आधी आम्ही लागतो. या गावाला आजवर कुणी परदेश म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं, त्यामुळे बातमी कळताच चार लोकांनी दाढ्या करून घेतल्या.

साडूंची तयारी मात्र खरोखर विलायतेची होती. पाण्याच्या बाटल्यांचं खोकं, पोट बिघडल्यास घ्यायच्या गोळ्या, पोट न बिघडल्यास खायचे खाकरे, आणि फोनमध्ये आपलं बोलणं तेलुगूत करून सांगणारी एक बाई. ‘परराज्यात पाणी बदलतं,’ असं त्यांनी मेहुणीला बजावलं होतं. नाशिकला उगम पावलेल्या गोदावरीला बासरच्या घाटावर पाणी बदललं म्हणून कुणी अडवल्याचं मी तरी पाहिलं नाही. पण नदी ठाण्याची नसते, हा फरक लक्षात घ्यायला हवा.

नागपुरात विमानातून उतरून त्यांनी भाड्याची गाडी केली. पांढरकवडा गेलं, पाटणबोरी गेलं आणि पैनगंगेचा पूल आला, तसे साडू काच वर करून ताठ बसले, असं मेहुणीनं नंतर सांगितलं. पुलाच्या अलीकडे शेतात कापूस उभा होता, पलीकडेही कापूसच उभा होता. अलीकडचा कापूस त्यांनी साधा पाहिला, पलीकडच्याचे फोटो काढले.

गाडी आमच्या चौकात थांबली ती चहाच्या टपरीपुढे. मी पोचेपर्यंत साडूंनी फोन चहावाल्याच्या तोंडापुढे धरला होता आणि फोनमधली बाई अत्यंत शुद्ध, ग्रांथिक तेलुगूत काहीतरी निवेदन करत होती. चहावाल्याचा चेहरा पडला. इतकं शुद्ध तेलुगू आमच्याकडे फक्त कर्जाचा हप्ता थकल्यावर कानी पडतं. त्यानं हात जोडून, ‘साहेब, पुढच्या महिन्यात भरतो,’ असं सांगून टाकलं, आणि तेही मराठीत. मी मध्ये पडून दोन्ही पक्षांची ओळख करून दिली. ‘असं होय,’ तो म्हणाला, ‘मग साखर कमी का बरोबर?’

साडूंचा हिरमोड झाला. ठाण्याहून एवढ्या लांब आलेल्या माणसाला पहिल्याच घोटाला मराठी ऐकावी लागणं हा सरळ सरळ ग्राहकाचा विश्वासघात आहे. चहावाला माझ्याशी मराठी बोलत होता, कप विसळणाऱ्या पोराला तेलुगूत हाणत होता, ट्रकवाल्याला दखनी हिंदीत उधारीची आठवण देत होता आणि तांड्यावरून आलेल्या म्हातारीला तिच्या गोरमाटीत बसायला सांगत होता. एवढं करून चहा उतू गेला नाही. साडू दोन भाषांचं आयुष्य जगतात, त्यातली एक ते वॉचमनशी बोलतात.

आता परदेश म्हटल्यावर गाड्यांच्या पाट्या बघणं आलंच. टपरीपुढे तीन दुचाक्या उभ्या होत्या. एकीवर एपी 01, दुसरीवर टीएस 01, तिसरीवर टीजी 01. ‘वा, तीन राज्यांची माणसं येतात म्हणजे तुमच्याकडे!’ साडू म्हणाले. तिन्ही दुचाक्या एकाच घरच्या, बापाची, थोरल्याची आणि धाकट्याची. बापानं घेतली तेव्हा आम्ही आंध्र प्रदेशात होतो, 2014 साली तेलंगणा झालं, आणि मार्च 2024 पासून टीएसचं टीजी झालं. माणसं चौकातून हलली नाहीत, पाट्या तेवढ्या फिरून आल्या. एक गोष्ट मात्र कुणी आमच्याकडून काढून घेतली नाही, ती म्हणजे 01. विकासात नसेल, परिवहन खात्यात आदिलाबाद कायम पहिलं आहे.

दुपारी कुंतालाला निघालो. कडम नदीचा हा धबधबा दीडशेच्या आसपास फूट उंचीचा, तेलंगणातला सगळ्यात उंच म्हणवला जाणारा, आणि आमच्याच मंडळात. शकुंतलेवरून त्याला नाव पडलं असं सांगतात. दुष्यंतानं ओळख न दाखवलेली बाई आमच्याकडे आली असेल तर योग्य जागी आली, कारण आम्हालाही ओळख दाखवायला लोक फारसे उत्सुक नसतात.

वाटेत जंगलातली सीताफळं विकायला बाया बसल्या होत्या. साडूंनी गाडी थांबवली, फोनमधल्या बाईवरचा विश्वास उडालेला असल्यामुळे त्यांनी या वेळी हातवारे पत्करले. टोपलीकडे बोट, मग पाच बोटं, मग भुवया वर, मग खिशाला हात. बाईनं हा सगळा प्रयोग शांतपणे पाहून घेतला. ‘दादा, बोटं काहून दाखवता,’ ती म्हणाली, ‘तोंडानं सांगा ना, किती पाह्यजेत?’ मेहुणी इतकी हसली की भाव करायचा राहून गेला आणि टोपली सांगितल्या किमतीला विकली गेली. ही बाई आंध समाजाची. इथले आंध घरात मराठी बोलतात, राजगोंडांची वंशावळ गाणाऱ्या परधानांच्या घरीही मराठी चालते. 1940 च्या दशकात हायमेनडॉर्फ नावाचा ऑस्ट्रियाचा मानववंशशास्त्रज्ञ तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात मारलावाईला गोंडांमध्ये येऊन राहिला. तो खरा परदेशातून आलेला. तो गोंडी शिकला, त्याच्या पत्नीची समाधीही मारलावाईलाच आहे. साडूंचा मुक्काम दोन रात्रींचा असल्यामुळे त्यांच्याकडून एवढी अपेक्षा करणं बरोबर नाही.

कुंतालाला चारेकशे पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. उतरताना साडू निसर्गावर बोलत होते, चढताना नुसतेच चढत होते. पाणी मात्र भरपूर होतं आणि माणूस प्रामाणिक आहे, तोंड उघडं टाकून बराच वेळ उभा राहिला. ‘असं काही आपल्याकडे नाही,’ असं त्यानं जाहीर केलं. तेव्हा माझ्या बायकोनं विचारलं, ‘सहस्रकुंड पाहिलंत का हो?’

साडूंनी पाहिलेलं नव्हतं. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा इस्लापूरजवळ आहे. इस्लापूर ही साडूंची सासुरवाडी. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण जावयाला धबधबा दाखवायचा तर तो परराज्यातलाच पाहिजे, हे सासुरवाडीच्या ध्यानात आलं नसावं.

इस्लापूरचा विषय निघालाच आहे तर परदेश कसा तयार होतो हे सांगून टाकतो. निजामाच्या हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्हा होता, त्यात बोथ तालुका होता. नेरडीगोंडा बोथमध्ये आणि इस्लापूरही बोथमध्ये. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा बोथचं इस्लापूर सर्कल, शिवाय किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादमधून काढून मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात घातले. राजुरा पुढे चांद्याला गेला. बदल्यात नांदेडच्या मुधोळ तालुक्यातून मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही सर्कलं आमच्याकडे आली. भावाभावांच्या वाटणीत जसा एकाला पाटा आणि दुसऱ्याला वरवंटा येतो, तसं झालं. आमच्या सासूबाई पोलीस अ‍ॅक्शनच्या आदल्या वर्षी, 1947 साली इस्लापूरला जन्मल्या. म्हणजे जन्म निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात, आमच्याच तालुक्यात. मग घरातला पाट न हलवता त्या मुंबई राज्यात गेल्या आणि 1960 साली महाराष्ट्रात पोचल्या. एवढा प्रवास साडूंच्या कंपनीतल्या कुणीही केलेला नाही. त्यांनी धाकटी मुलगी ठाण्याला दिली तेव्हा ‘मुंबईकडे दिली’ असं कौतुक झालं. थोरली जुन्या हिशेबानं त्याच तालुक्यात दिली, तर ‘परराज्यात दिली’ म्हणून शेजारणी हळहळल्या.

तरी आमची हद्द सभ्य आहे, ती नदीतून जाते. पलीकडे जिवती तालुक्याच्या डोंगरात परमडोली, महाराजगुडा अशा गावांवर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितलेला आहे. तिथे माणसं दोन मतदार ओळखपत्रं आणि दोन रेशनकार्डं बाळगून असतात. 2022 साली तिथलं एक घर वर्तमानपत्रांतून गाजलं. हद्द घराच्या मधून गेलेली, काही खोल्या महाराष्ट्रात आणि स्वयंपाकघर तेलंगणात. साडू तिथे राहिले असते तर जेवायला जाताना पाण्याची बाटली घेऊन गेले असते.

संध्याकाळी खरेदीसाठी बायका निर्मलला निघाल्या. निर्मलची लाकडी खेळणी पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची असतात आणि मेहुणीला सोसायटीत ती ‘फॉरेनहून आणली’ म्हणून द्यायची होती. गाडीत बसून बसून तिचं अंग आंबलं होतं, म्हणून बसनं जायचं ठरलं. इथे खरा परदेश लागला. कंडक्टर आली, माझ्या बायकोनं आधार दाखवलं, तिला झिरो तिकीट मिळालं. 9 डिसेंबर 2023 पासून तेलंगणातल्या बायकांना साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये प्रवास फुकट आहे, आणि फुकट असलं तरी तिकीट फाडून देतात, कारण सरकारला आकडा लागतो. मग मेहुणीनं आपलं आधार काढलं.

‘हे ठाण्याचं आहे.’

‘हो, मग अर्धं द्या. आमच्याकडे अर्धं असतं.’

‘ते तिकडं, अम्मा.’

महाराष्ट्रात 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण तेही राज्याच्या हद्दीपर्यंतच. एकाच आईच्या दोन लेकी एकाच बाकावर बसल्या होत्या. एकीचं तिकीट शून्य आणि दुसरीचं पूर्ण. मेहुणीनं ताईकडे अशा नजरेनं पाहिलं की आईनं लहानपणी पुरणाची पोळी वाटतानाही असा दुजाभाव केला नव्हता. मागच्या बाकावर तांड्यावरची एक नवी सून होती, यवतमाळकडून आलेली. लग्नाआधी बापाच्या घरी ती विमुक्त जातीत मोडत होती, इकडे तिचा नवरा अनुसूचित जमातीत. हिची पोरं बापाकडून कागद घेऊन पुढे जातील, आणि मामाची पोरं त्याच कागदासाठी मोर्चात. तिला हे सगळं ऐकून गंमत वाटत असावी, कारण तिकिटाच्या फरकावर थांबलेला परदेश तिला फार स्वस्त वाटला असणार.

रात्री जेवणं झाली. ज्वारीची भाकर, ठेचा, पप्पू म्हणजे इकडचं वरण, आणि शेवटी दहीभात. साडूंनी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावून टाकलं आणि माठातलं तीन तांबे प्यायले. मग जरा सरकून, आवाज खाली आणून म्हणाले, ‘साडूबुवा, तुमच्या ओळखीनं एक काम होतं.’

काम असं होतं. साडूंचं मूळ गाव परभणी जिल्ह्यातलं. 2023 पासून महाराष्ट्रात आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायची मोहीम चालू आहे. निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती त्यासाठी हैदराबादपर्यंत येऊन गेली आणि 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयानं हैदराबाद गॅझेट ग्राह्य धरायचं ठरलं. घरोघरी पणजोबांची विचारपूस सुरू झाली. ज्या पणजोबांना निजामाची रयत म्हणून कालपर्यंत भिंतीवर फोटोपुरतीही जागा नव्हती, ते एकदम घरातले कर्ते झाले. पुतण्याच्या प्रवेशासाठी साडूंना आपल्या पणजोबांचा जुना कागद हवा होता, आणि जो काही सापडला होता तो उर्दूत होता. त्याची फोटोकॉपी त्यांनी खाकऱ्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. धबधबा हे निमित्त होतं. दिवसभर ज्या मुलखात बाटलीचं पाणी प्यायलं, त्याच मुलखाच्या जुन्या दरबारात त्यांचे पणजोबा हजर होते का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

मी म्हणालो, ‘अहो, हे सोपं आहे. मशिदीमागे एक निवृत्त मास्तर राहतात. जुनं उर्दू, अगदी पटवाऱ्याच्या मोडक्या अक्षरातलंही घडाघडा वाचतात. उद्या सकाळी जाऊ.’

साडूंचा जीव भांड्यात पडला, पण लगेच पुन्हा बाहेर आला.

‘पण त्यांच्याशी बोलायचं कुठल्या भाषेत?’

मास्तरांची उभी हयात शाळेत मराठी शिकवण्यात गेली हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मेहुणीनं उष्टी ताटं उचलता उचलता त्यांचा फोन त्यांच्यापुढे सरकवला. ‘घ्या,’ ती म्हणाली, ‘तुमची ती बाई विचारेल.’