बॉनेट आण्णा

जुनी जीप बाळगणारा माणूस कुर्डुवाडीत लांबूनही ओळखू येतो. त्याच्या मागच्या सीटवर माणसांआधी पाण्याचे कॅन बसतात, आणि गाडी थांबली की तो आधी बॉनेट उघडतो, मग बिडी पेटवतो. आमचे आण्णा या जातीचे मुकुटमणी. खरं नाव सांगत नाही. सांगितलं तरी स्टँडवर 'बॉनेट आण्णा' म्हटल्याशिवाय कुणी घर दाखवणार नाही.

जीप महिंद्राची, प्यूजो डिझेल इंजिनाची. मे महिना, पारा चाळिशीच्या पुढं, मागं कोंबलेलं वऱ्हाड आणि समोर टेंभुर्णीच्या रस्त्यावर रांगत चाललेली कडब्याची ट्रॉली. इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडं सरकू लागतो. वऱ्हाड विठोबाला हाक मारतं आणि आण्णांचा चेहरा खुलतो. श्रोते हक्काचे, उतरून जायला जागा नाही.

"पाव्हणं, इंजान पाण्यानं गार हुत नाय, वाऱ्यानं हुतंय. पाणी नुसतं हमाल. उष्णता उचलायची, रेडिएटरात नेऊन टाकायची. पुढं ती न्यायला वारा नको?"

वारा हा आण्णांचा खरा विषय. आत घेतला तेवढा बाहेर काढलाच पाहिजे, हा त्यांचा मूळ सिद्धांत. पंख्यानं रेडिएटरच्या जाळीतूनच वारा ओढावा, बाजूच्या फटीतून चोरून घेऊ नये, म्हणून त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा आणि सायकलची ट्यूब कापून सगळ्या फटी स्वतः बुजवल्यात. बॉनेटच्या मागच्या कडेखाली वायसर घालून फट ठेवणाऱ्यांची त्यांना कीव येते. गाडी पळायला लागली की वारा काचेवर आपटून तिथंच दाटतो. गरम हवा बाहेर यायची सोडून उलट बाहेरचीच आत शिरते. हे त्यांचं बरोबर आहे. थर्मोस्टॅट काढून फेकायला सांगणाऱ्या मेकॅनिकशी तर ते बोलत नाहीत. ऐंशी-ब्याऐंशी अंशांवर उघडणारी ती चकती काढली, की इंजिन नको तेव्हाही गार राहतं आणि डिझेल पितं.

बोअरच्या पाण्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, म्हणून जीपला फिल्टरचं पाणी. पाहुण्यांना बोअरचं. यावर वहिनी काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही.

हे वेड घराण्यातलं. वडील बार्शी लाइट रेल्वेच्या वर्कशॉपात होते. काल्थ्रॉप साहेबाची अडीच फुटी रेल्वे 1897 साली इथून बार्शीकडं धावू लागली तेव्हा कुर्डुवाडी स्टेशनाचं नाव बार्शी रोड होतं, हे आण्णा इतक्या जवळिकीनं सांगतात की साहेब यांच्या ओसरीवर चहा पिऊन गेला असावा. नॅरोगेज गेली, तिची इंजिनं गेली. तापणारी अशी जीपच तेवढी उरली.

परवा पुतण्यानं मोबाईलवर जुनी, साखळीपट्ट्यांवर चालणारी बर्फगाडी दाखवली. अंटार्क्टिकावर आपल्या 'मैत्री' केंद्रातही पट्ट्यांच्या गाड्या असतात म्हणाला. "आण्णा, हितं तरी तुमची इंजिनं तापणार न्हाईत."

आण्णा दोन मिनिटं गप्प. एवढी शांतता त्या घरानं पाहिली नव्हती.

"तापंल," ते म्हणाले. "लेका, मऊ बर्फात पट्ट्याला ओढ किती लागंल? इंजान ऊर फुटंस्तवर राबणार आन् वेग बैलगाडीचा. समोरनं वारा लागायचा कुठनं? त्यात बर्फ आत शिरू नये म्हणून चारी बाजू बंद केल्याल्या. भायेर बर्फ आसू दे, आत भट्टीच." हेही बरोबर आहे. अशा जुन्या गाड्यांचं रडगाणं नेमकं हेच.

ध्रुवांवर संशोधन करणारी सरकारी संस्था गोव्यात वास्कोला आहे, हे कळल्यापासून आण्णा पत्ता मागत फिरतायत. त्यांना पत्र लिहायचंय, पत्र्याच्या नकाशासकट.

तेव्हा टेंभुर्णी रस्त्याला बॉनेट उघडी जीप दिसली तर घाई असल्यास थांबू नका. थांबलातच तर आण्णांचं ऐकून घ्या, पण मदत म्हणून गरम रेडिएटरचं झाकण उघडायला जाऊ नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, थेट तोंडावर येतं. आणि त्याचंही कारण आण्णा तुम्हाला तिथंच उभं करून समजावतील.